चपट्या नाकाची गोळी

आचारसंहिता लागली, असं सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी टाकलं आणि खाली नेहमीप्रमाणे हात जोडल्याची चित्रं आली. मी ते वाचलं तेव्हा माझ्या एका हातात अण्णांच्या पेजेची वाटी होती. दसरा होऊन गेलेला, पाऊस परत गेलेला, आणि घोडबंदर रोडवर सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागलेलं. ऑक्टोबर आला की इतरांना काय आठवतं कोण जाणे. फराळ आठवत असेल, सहामाही परीक्षा आठवत असेल. मला बंदुकीचं तेल आठवतं. त्याच्या मागोमाग केसांनी भरलेलं गोणपाट, आणि त्याच्याही मागोमाग दत्ताकाकांचा चेहरा.

अण्णा म्हणजे माझे वडील. गेल्या दिवाळीनंतर त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही तिच्याबरोबर गेलं. आता ते माझ्याकडे असतात, मागच्या खोलीत, जिथून येऊरचा डोंगर दिसतो. एखादा शब्द निसटतो कधीतरी, पण बहुतेक वेळा भलत्याच जागी. पाणी हवं असलं की 'भट्टी' म्हणतात, कूस बदलून हवी असली की 'सोमवार'. दिवसा नर्सिंग ब्युरोची सविता येते, ती जायच्या आत ट्रॅफिकमधून वाट काढत मी ऑफिसातून पोचते, पोचले नाही तर ती थांबते आणि दुसऱ्या दिवशी तोंड फुगवते. मी थकले आहे. हे एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढे मध्ये मध्ये यायला नको. डॉक्टर म्हणतात, गिळणं कमी होत चाललंय, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवण्यासारखं इथे एकच माणूस आहे. दत्ताकाका, अण्णांचे धाकटे भाऊ. त्यांना मी फोन केला, तर ते येतो म्हणाले नाहीत. 'बघतो' म्हणाले. दोन विधानसभांपूर्वीच्या एका ऑक्टोबरपासून हे दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत.

तो ऑक्टोबर सांगायचा तर आधी ते रिव्हॉल्वर सांगायला हवं.

अण्णा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका लहानशा फाउंड्रीत होते. पितळ, गनमेटल, बेअरिंगमधला पांढरा धातू असं सगळं ओतायचे. पगाराची रोकड बँकेतून आणायचं काम त्यांच्यावर होतं, त्या काळात त्यांना रिव्हॉल्वरचं लायसन मिळालं. बत्तीस बोअरचं, आखूड नळीचं, दिसायला अगदीच साधं. पुढे पगार खात्यात जमा व्हायला लागले आणि रिव्हॉल्वर कपाटात राहिलं. दर वर्षी ठरावीक काडतुसं घ्यायची, त्यातली थोडी रेंजवर जाऊन कागदावर उडवायची, एवढाच त्याला व्यायाम. पण अण्णा ओतकाम करणारे. त्यांचा जीव बंदुकीत नव्हताच कधी, गोळीत होता. एका धातूची ओतलेली वस्तू हवेतून जाते आणि जाताना तिच्या आकारावर, वजनावर, मऊपणावर सगळं ठरतं, याचं त्यांना विलक्षण वाटायचं.

परदेशात माणसं रिव्हॉल्वर घेऊन हरणं, रानडुकरं मारायला जातात, आणि त्यासाठी गोळ्या स्वतः घरी ओततात, हा शोध त्यांना रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात लागला. तिथून आमच्या घरचे रविवार बिघडले. समोरच्या बिल्डिंगमधले गुप्तेकाका यायचे. त्यांच्याकडे बंदूक नव्हती, लायसन नव्हतं, नेमही नव्हता. होती ती मटणाची आवड. दोघे गॅलरीत बसायचे आणि जनावर निवडायचे. मग त्या जनावरासाठी गोळी निवडायचे. शिकारीला आपल्याकडे बंदी आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच कदाचित इतकं निवांत निवडता यायचं.

"अण्णासाहेब, आज सांबर घेऊ," गुप्तेकाका चहाचा घोट घेत म्हणायचे.

"आपल्या बत्तीस बोअरने?"

"मग कशाने?"

"चव्वेचाळीस तरी पाहिजे. नाहीतर ते मागे वळून विचारेल, काही म्हणालात का?"

मी तेव्हा आत स्वयंपाकघरात आईला मदत करत असायचे आणि नको असताना ते सगळं कानावर पडायचं. त्यामुळे मला आजही माहीत आहे की निव्वळ शिशाची गोळी मऊ असते, वेगाने सोडली तर नळीतच चिकटत जाते. अँटिमनी घातलं की ती कडक होते, पण फार घातलं तर हाडावर आपटून फुटते. कथील थोडं घातलं की धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. गोल नाकाची गोळी मांसातून सरकत जाते आणि तिच्यामागे वाट जवळजवळ मिटते. चपट्या नाकाची गोळी वाट उघडी ठेवते. हलकी गोळी पळते खूप, पण थोड्याच आत थांबते. जड गोळी सावकाश जाते आणि जातच राहते. 'जड, सावकाश, चपट्या नाकाची,' अण्णा म्हणायचे. बाकीचं सगळं या तीन शब्दांच्या मागून यायचं. कुणी मुलींना स्थळ सुचवताना इतका विचार करत नसेल.

या सगळ्या निवडीच्या तळाशी त्यांचा एक नियम होता. जनावर नजरेसमोर पडलं पाहिजे. लागून नजरेआड गेलं आणि कुठल्यातरी जाळीत तीन दिवस कण्हत पडलं, तर तो नेम चुकण्यापेक्षा वाईट. "चुकला तर आपली लाज जाते," ते म्हणायचे, "लागून पळालं तर त्याचं सगळंच जातं." गुप्तेकाका मान हलवायचे आणि विचारायचे, रानडुकराला आलं-लसूण किती लागेल. आई आतून म्हणायची, "दोघांनी मिळून आजवर घरातली पाल नाही मारली." आणि ते खरं होतं. पाल दिसली की अण्णा झाडू घेऊन तिला हलकेच खिडकीची वाट दाखवायचे.

एकदा गुप्तेकाकांनी त्यांना विचारलं होतं, तुमच्या हाताशी भट्टी आहे, साचा करणं तुमच्या डाव्या हाताचा मळ, मग ओतत का नाही चार गोळ्या? अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे पुढच्या रविवारी आलेच नाहीत. लायसन बंदुकीचं आहे, दारूगोळा बनवायचं नाही, एवढंच अण्णा म्हणाले. पण विचार डोक्यात राहिला असणार. काही दिवसांनी त्यांनी फाउंड्रीत शिशाचा एक नमुना ओतून आणला. खऱ्या गोळीच्या कितीतरी पट मोठा, अंगठ्याएवढा जाड, नाक चपटं, अंगाला दोन खाचा. कुठल्याही बंदुकीत जाणार नाही असा, नुसता आकार बघायला. तो आमच्या घरात पेपरवेट झाला. बिलांवर, पत्रिकांवर, माझ्या लग्नाच्या याद्यांवर तो बसलेला असायचा. हातात घेतला की डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा जास्त जड लागायचा, आणि कुणीही तो उचलला की अण्णा जिथे असतील तिथून म्हणायचे, "हात." म्हणजे हात धू. शिशाला हात लावून अन्नाला हात लावायचा नाही, हा फाउंड्रीतला नियम त्यांनी घरी आणला होता. पूर्ण वाक्य नाहीच. नुसतं 'हात', आणि भुवया वर.

दसऱ्याला रिव्हॉल्वर पाटावर यायचं. फाउंड्रीतली पळी, माझ्या भावाची कंपासपेटी, आईची शिलाई मशीन आणि त्यांच्या मध्ये ते, झेंडूच्या फुलात. आई हळदकुंकू सढळ हाताने वाहायची. मग ते कुंकू नळीच्या तोंडातून आत जायचं आणि अण्णांची संध्याकाळ ते साफ करण्यात जायची. चिंधी, तेल, सळई, आणि तोंडाने पुटपुटणं. "अगं, टिळा बाहेरून लावायचा असतो." आई म्हणायची, "देवीला आतलं-बाहेरचं काही नसतं." दर दसऱ्याला हेच संवाद. तो तेलाचा वास, झेंडूचा वास आणि पुरीच्या तळणाचा वास एकत्र होऊन जो काही वास तयार व्हायचा, तो मला जगात दुसरीकडे कुठे आलेला नाही. आई गेली, मशीन दिली, भाऊ कॅनडाला गेला. माझ्याकडे या दसऱ्याला लॅपटॉप होता पाटावर. त्यालाही कुंकू लावलं, अण्णा बघत होते म्हणून.

आता शेत. आंबिवलीला उतरून रिक्षाने आत गेलं की काळू नदीच्या अंगाला आमचं गाव. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरं. अण्णा शिकून डोंबिवलीला आले आणि दत्ताकाका शेत बघत राहिले. दोघांत कधी वाटणीवरून शब्द झाला नाही. दिवाळीच्या आसपास नव्या तांदळाचं पोतं यायचं, आणि ते आलं की अण्णा त्यात कोपरापर्यंत हात घालून उगाचच उभे राहायचे. नंतर मात्र रानडुकरं यायला लागली. डोंगराच्या त्या अंगाला खाणी आणि गोदामं झाली, तिथली जनावरं या अंगाला सरकली. दाणा दुधात असला की ती संध्याकाळी उतरायची. खायची थोडं, लोळायची फार, सकाळी खाचर बघितलं तर कुणी गादी टाकून गेल्यासारखं भात आडवं.

दत्ताकाकांनी सगळं करून पाहिलं. डबे वाजवले, फटाके लावले, काकूच्या जुन्या साड्यांचं कुंपण केलं. लाल, हिरव्या, फुलाफुलांच्या साड्या शेतभर वाऱ्यावर हलायच्या, लांबून बघितलं तर लग्नाचा मांडव वाटायचा. मग कुणीतरी सांगितलं, माणसाचे केस बांधावर टाकले की डुक्कर वासाने येत नाही. तेव्हा अण्णा आमच्या डोंबिवलीच्या सलूनमधून केस गोळा करून गोणपाटात भरून गावी न्यायला लागले. आयुष्यभर परदेशी रिव्हॉल्वरांवर बोललेला माणूस दर शनिवारी केसांचं गोणपाट खांद्यावर टाकून निघायचा. रिक्षावाला विचारायचा, "काका, क्या है इसमें?" आणि अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "बाल." पुढच्या वळणापर्यंत रिक्षावाला गप्प असायचा.

केसांनी एक वर्ष निभावलं. मग डुकरांना त्या वासाचीही सवय झाली. त्यात दत्ताकाकांची दोन वर्षं गेली, तिसऱ्या वर्षी श्रावणातच त्यांनी अण्णांना बसवून सांगितलं. मी होते तिथे.

"अण्णा, बिल्डरचा माणूस येतोय दर महिन्याला. मी हाकलतो त्याला. पण आता माझ्यात जोर नाय. ह्या साली भात घरात आलं, तर शेत ठेवू. नाय आलं, तर देऊन टाकू."

"आपलं शेत आहे, दत्ता."

"म्हणून तर तुला विचारतोय. तुझ्याकडे बंदूक हाय. आणि तुला त्यातलं कळतं."

शेवटचं वाक्य ते कौतुकाने म्हणाले होते. इतकी वर्षं थोरल्या भावाच्या गोळ्यांच्या गप्पा ऐकलेला माणूस, त्याला खरंच वाटत होतं की ज्याने इतका विचार केलाय त्याला मारता येत असणार. पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांना मारायची परवानगी वनखात्याकडून काढता येते. अण्णांनी तिच्यासाठी खेटे घातले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती हातात आली. कायद्याने, शिक्क्यानिशी, आयुष्यात पहिल्यांदा खरं जनावर समोर येणार होतं.

मग ते ठाण्याला बंदुकीच्या दुकानात गेले. मलाही नेलं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, चपट्या नाकाची मिळेल का? थोडी जड? दुकानदाराने काउंटरवर नेहमीची पेटी ठेवली. गोल नाकाची, हलकी, अंगाने बारीक. "साहेब, बत्तीसमध्ये हे एकच येतं आपल्याकडे. पूर्वीपण तेच, आत्तापण तेच." अण्णा त्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिले. इतक्या रविवारी इतक्या गोळ्या निवडल्या, आणि निवडायची वेळ आली तेव्हा समोर एकच होती. "मग, देऊ का?" दुकानदाराने विचारलं. अण्णांनी मान डोलावली आणि पेटी घेतली. बाहेर आल्यावर मी त्यांना उसाचा रस पाजला, तो त्यांनी अर्धा टाकला.

त्यातच आचारसंहिता लागली. निवडणूक आली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या असतात. अण्णा दर वेळी रिव्हॉल्वर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून नेऊन द्यायचे आणि निकालानंतर आणायचे, त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. पण विधानसभा यायची ती नेमकी भाताच्या तोंडावर. गावातल्या दोघांकडे ठासणीच्या बंदुका होत्या, त्या आधीच जमा झाल्या. अण्णांना फोन आला, सोमवारी आणून द्या. म्हणजे हातात होता तो शनिवार आणि रविवार. दत्ताकाकांनी फोनवर एवढंच म्हटलं, "ये."

आईने मला सोबत पाठवलं. म्हणाली, "जा त्यांच्याबरोबर. स्वतःच्या पायावर गोळी घालून घेतील."

शेताच्या कडेला राखणीसाठी बांधलेला बांबूचा माळा होता. आम्ही तिघं त्यावर बसलो तेव्हा ऊन उतरत होतं. पिकायला आलेल्या भाताचा तो गोडसर, दमट वास, खाली खाचरातलं आटत आलेलं पाणी, कानाशी डास. हलायचं नाही म्हणून डास मारायचाही नाही. नदीपलीकडे प्रचाराची रिक्षा फिरत होती, कुणालातरी प्रचंड बहुमतांनी विजयी करा म्हणून सांगत. ती लांब गेली आणि मग इतकं शांत झालं की साड्यांच्या कुंपणाची फडफड ऐकू यायला लागली. काकूची अबोली रंगाची साडी मी ओळखली, माझ्या लग्नात नेसलेली.

आधी भात हललं. मग त्यातून तो बाहेर आला, नर, एकटा, अंगावर चिखल वाळलेला. मला वाटलं होतं तसा भयंकर काही नव्हता. दमलेला वाटला. कुंपणाजवळ थांबला, नाक वर करून वास घेतला आणि आमच्याकडे आडवा उभा राहून लोंब्या ओढायला लागला. ओरबाडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. अण्णांनी मनगट बांबूवर टेकवलं. हात अजिबात थरथरत नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर गावात लोक वेगळंच बोलले.

"मार," दत्ताकाका कुजबुजले.

अण्णांनी एक डोळा मिटलेला होता. नळीचं तोंड डुकराच्या पुढच्या पायामागे स्थिर होतं.

"अण्णा, मार ना."

"लागेल," अण्णा म्हणाले.

"मग?"

"लागेल. पण पडणार नाही."

"नाय पडू दे. पळून तरी जाईल. परत यायचा नाय."

"जाईल. त्या करवंदीत जाईल, आणि तिथे चार दिवस पडून राहील."

"राहू दे ना! तुझं काय जातंय?"

अण्णांनी चापावरचं बोट काढलं, मग हात खाली घेतला आणि रिव्हॉल्वर मांडीवर ठेवलं. डुक्कर खातच होतं. दत्ताकाका माळ्यावरून उडी मारून खाली उतरले, डबा बडवत, ओरडत खाचरात धावले. तेव्हा ते डोंगराकडे पळालं आणि त्याच्यामागे भातातून आणखी कितीतरी पाठी पळाल्या, ज्या आम्हाला दिसल्याच नव्हत्या. काका गुडघाभर चिखलात उभे राहून परत आमच्याकडे बघत होते. मग माळ्याखाली आले, वर न बघता म्हणाले, "जन्मभर गोळ्या निवडल्यास. एक मारायची होती."

रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलंच नाही. सोमवारी अण्णांनी रिव्हॉल्वर जमा केलं आणि निकाल लागल्यावर परत आणायला गेलेच नाहीत. लायसनही सोडलं. त्या वर्षी पोतं आलं नाही. पुढच्या पावसाच्या आधी शेत गेलं. कागदांवर सह्या करताना दोघे भाऊ एकाच टेबलाशी बसले होते आणि पेन एकमेकांना वकिलाच्या हातून देत होते. मला अण्णांचा राग आला होता. एका डुकराच्या चार दिवसांसाठी भावाचं आयुष्य दिलं, असंच मला वाटलं, आणि मी तसं म्हणालेही. गुप्तेकाका मात्र एका रविवारी त्यांना म्हणाले, "तुम्ही बरोबर केलंत." तर अण्णा म्हणाले, "बरोबर केलं म्हणून भात उभं राहत नाही." त्यानंतर गॅलरीत गोळ्यांचा विषय निघाला नाही. ते क्रिकेटवर बोलायला लागले. पुढे गुप्तेकाका मुलाकडे पुण्याला गेले.

आता शेताच्या जागी टॉवर आहेत, नाव इंग्रजीत, नदीवरून ठेवलेलं. मी ज्या टॉवरमध्ये राहते तिथेही कुणाची तरी खाचरं असणार. लिफ्टमध्ये तो विचार येतो आणि माझा मजला आला की जातो, इतकीच ताकद उरलेली आहे. दत्ताकाका शहाडला मुलाकडे राहतात. आईच्या दिवसांना आले होते, दाराशीच बसले आणि जेवून गेले.

अण्णांची ही बारा-पंधरा किलोंनी उतरलेली कुडी कूस वळवताना मला रोज त्या संध्याकाळची आठवण येते. का येते, ते मी स्वतःशीही धड बोलत नव्हते. ते झोपेत कण्हतात. डोळा उघडतात तेव्हा दाराकडे बघतात. सविता म्हणते, "ताई, बाबा कुणाची तरी वाट बघतात ओ." मी म्हणते, हो.

परवा रविवारी दुपारी बेल वाजली. दारात दत्ताकाका, हातात कापडी पिशवी. खूपच म्हातारे झालेले. पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "उकडा तांदूळ हाय. पेजेला बरा." आणि मग चपला काढत, "विकतचाच."

ते आत गेले आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. अण्णांनी त्यांना ओळखलं. डावा डोळा मोठा झाला, तोंडाची डावी बाजू हलली. उजवी होती तशीच राहिली. काकांनी त्यांचा हात हातात घेतला नाही, 'कसा आहेस' म्हणतील म्हणून मी वाट बघत होते तर तेही म्हणाले नाहीत. नुसते बघत बसले. वाकडं तोंड, नाकातली नळी काढल्याची खूण, पांघरुणाखाली न हलणारा पाय. खिडकीखालून प्रचाराची गाडी गेली, तीही पूर्ण ऐकून घेतली. सविता स्वयंपाकघरात त्यांच्याच तांदळाची पेज करायला लागली, तिचा वास आला.

टेबलावर औषधांच्या चिठ्ठ्यांवर तो शिशाचा नमुना होता. काकांनी तो उचलला. तळहातावर तोलला, दुसऱ्या हातात घेतला, चपट्या नाकावरून अंगठा फिरवला.

"जड हाय रे ही," ते म्हणाले.

मग बराच वेळ तो हातातच धरून ते अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि अगदी हळू म्हणाले, "तुला हलकी लागली, अण्णा."

मी दाराला धरून उभी होते. इतके महिने जे माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते हेच होतं. अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं. काकांनी ते पुसलं नाही, त्यांचे स्वतःचे डोळे वाहत होते. "त्या टायमाला तू काय बघत होतास," ते म्हणाले, "ते मला आज दिसलं." एवढंच बोलले. माफी वगैरे शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही.

सविता पेज घेऊन आली. काका म्हणाले, "दे इकडं, मी भरवतो." नमुना टेबलावर ठेवून त्यांनी वाटी घेतली, चमचा भरला, आणि पेज निवली का बघायला बोट त्यात बुडवणार, इतक्यात अण्णांचा घसा खरवडला. ओठ एका बाजूने जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"हात," अण्णा म्हणाले.

डावी भुवई वर गेलेली. वर्षभरात पहिल्यांदा शब्द त्याच्या जागेवर पडला होता. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या शिशाकडे बोट दाखवलं. ते वाटी सविताकडे देऊन उठले आणि बेसिनपाशी गेले. शेतावरून आलेला माणूस धुतो तसे त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुसले नाहीत, तसेच थेंब गाळत परत येऊन पलंगापाशी वाकले.

"धुतले, बघ," ते म्हणाले आणि दोन्ही तळवे अण्णांसमोर धरले.